शंभराची बाकी

दसरा उलटला की आमच्या गल्लीत हातगाडी येते. "दौलताबादकाऽऽ सीताफल" अशी हाळी देत तो माणूस बरोब्बर आमच्या फाटकासमोर थांबतो, कारण कधीकाळी आमच्या ह्यांनी त्याच्याकडून अर्धा डझन घेतली होती आणि तेव्हापासून त्याच्या लेखी आम्ही कायमचे गिऱ्हाईक झालो. मी खिडकीतूनच हात हलवून नको म्हणते. तो म्हणतो, "अम्मा, शक्कर है शक्कर." असेल बाबा. मला सीताफळ आवडत नाही. ज्या फळात खाणं कमी आणि थुंकणं जास्त, त्याचं लोक एवढं कौतुक का करतात हे मला आजवर कळलेलं नाही. घासभर गर तोंडात घ्यायचा, जिभेनं बिया निवडत बसायचं, हात कोपरापर्यंत चिकट करून घ्यायचे आणि शेवटी पदरात काय, तर वाटीभर काळ्या बिया.

पण वास काही माझं ऐकत नाही. तो फाटकातून, खिडकीच्या जाळीतून सरळ स्वयंपाकघरात येतो. पिकलेल्या गराचा गोड वास, त्याखाली सीताफळाच्या पाल्याचा तो उग्र, डोकं उठवणारा वास, आणि वाळल्या गवताचा. मग मी ओट्यापाशी हातात लाटणं घेऊन उभी असते आणि मनानं किल्ल्याच्या रस्त्यावर, दाजींच्या दुकानात, गोणपाटावर मांडी घालून सीताफळं निवडत असते.

ह्याच आठवड्यात एका पोरीचा फोन आला. "मॅडम, आपल्यासाठी पर्सनल लोन मंजूर झालंय. काही कागदपत्रं लागत नाहीत." मी म्हटलं, "कागद नको म्हणतेस, तुझा दौलताबादला मळा आहे का गं?" ती गोंधळली. "नाही मॅडम." "मग दर रविवारी फळं निवडायला कुणाला बोलावशील?" तिनं फोन ठेवून दिला. हे शेजारी पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "जाऊ दे ना, सुमन." ह्या 'जाऊ दे ना'वर आमचा चाळीस वर्षांचा संसार उभा आहे. संसार त्यावर, आणि घर दाजींच्या पैशावर. निदान दाजी तसं सांगत आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचा सीताफळांचा मळा आणि रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान. अंगात कडक पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. दाजी चौथीपर्यंत शिकलेले. त्या दोन पेनांनी त्यांनी सहीपलीकडे काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. पण बोलायला लागले की वाटावं, किल्ला ह्यांच्याच आज्यानं बांधला. "पोलिस ॲक्शनच्या आधीपासून आमच्या घरातून लोक उसनं नेतात," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. देणाऱ्या घराण्याचा तो तोरा होता. त्या आज्यानं दिलेलं कुणी परत केलं का, हे कधी विचारायचं नाही.

आम्हालाही त्यांच्यापुढे हात पसरावा लागला. तेव्हा हे पैठण रोडला, चितेगावच्या कारखान्यात फिटर होते आणि मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. दोन पोरं, भाड्याची एक खोली, आणि घरमालकीण अशी की पाहुणा आला की नळाला कुलूप लावायची. मुकुंदवाडीला स्टेशनच्या अलीकडे एक प्लॉट निघाला. तेव्हा तिकडे काही नव्हतं, बाभळी आणि रुळांवरून जाणारी पॅसेंजर. प्लॉट आणि दोन खोल्या, असा हिशेब धरला तर तीस हजार कमी पडत होते. मी अक्काजवळ रडले. अक्का म्हणाली, "थांब, मी त्यांना विचारते." आठ दिवसांनी निरोप आला, या म्हणून.

तो दिवस मला अजून दिसतो. दाजी दुकानासमोर बाजेवर बसलेले. चार लोक मुद्दाम थांबवून घेतलेले. नोटांची पुडकी त्यांनी एकेक करून ह्यांच्या हातात ठेवली, वाढपी पंगतीत जिलबी वाढतो तशी, सगळ्यांना दिसेल अशी. हे म्हणाले, "दाजी, एखादा कागद करू. स्टँप आणलाय." दाजी दुखावल्यासारखे झाले. "आपल्याच माणसांत कसला कागद? अन् कसलं व्याज? दरसाली सीताफळाच्या हंगामात जमंल तसं आणून द्या. माणूस मोठा का पैसा मोठा?" त्या चार लोकांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू. पुढं सगळं आयुष्य ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्या माणसाला त्या दिवशी मी वाकून नमस्कार केला होता.

व्याज नव्हतं, हे खरंच. रविवार होता. हंगाम सुरू झाला की शनिवारी रात्री शेजाऱ्यांच्या फोनवर दाजींचा फोन यायचा. "सुमे, उद्या येताय ना? लोड लई हाय. घरच्या माणसाबिगर कुणावर भरवसा ठेवावा?" की रविवारी पहाटे उठायचं, पोरांना उठवायचं, बस गाठायची. हे गेल्या गेल्या विहिरीवर, दाजींची मोटार उघडून बसायचे. आठवडाभर कारखान्यात पाने चालवलेला माणूस सुट्टीच्या दिवशीही काळ्या तेलात. मला गोणपाट. शिवाय दाजींचे अर्ज असायचे: तहसिलात, वीज मंडळात, शेजाऱ्याच्या बांधावरून कोर्टात. ते मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत टाइप करायचे, कार्बन घालून तीन प्रतींत. "आपली सुमी हाय ना, फुकट होतंय," असं ते माझ्यासमोरच वकिलाला सांगायचे.

निवडायचं म्हणजे काय, तर ज्या फळाचे डोळे उकलून मध्ये पिवळट रेघ दिसायला लागली ते आजच्या गिऱ्हाइकाला, पुढच्या पाटीत. जे अजून घट्ट ते गवतात, उद्याला. जे उललं, फुटलं, मुंगळ्यांनी धरलं ते बाजूला. फळांच्या खाचांत पिठ्या ढेकूण असायचा, पांढरा, पिठासारखा. तो जुन्या दात घासायच्या ब्रशनं झटकायचा. दुपारपर्यंत बोटं एकमेकांना चिकटायची. किल्ला बघून उतरलेले लोक घामाघूम होऊन दुकानावर यायचे. "कैसे दिये? अरे सब कच्चे दे रे क्या खाला?" मी खाला, म्हणजे मावशी. सोमवारी ह्याच बोटांनी मी साहेबाचं गोपनीय पत्र टाइप करायचे.

संध्याकाळी निघताना दाजी त्या बाजूला टाकलेल्या फळांची पिशवी पोरांच्या हातात द्यायचे. "घ्या रे, खा. मावशीच्या मळ्यातली हायेत, लाजू नका." फुटकी, मुंगळे चालणारी फळं. पोरं बसमध्ये खात बसायची आणि हे म्हणायचे, "किती प्रेमानं देतात बघ." मला तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलायची सोय नव्हती. बोललं तर अक्काचं तिकडं काय होईल, ही भीती.

अक्काबद्दलही सांगते, कारण तेव्हा मला तिचाही रागच होता. राग नव्हे, तुच्छ वाटायची ती मला. नवऱ्यानं बहिणीला असं राबवून घ्यावं आणि हिनं तांब्याभर पाणी आणून समोर ठेवावं, एवढंच. तोंडात मूग. आणखी एक गोष्ट मी मनात धरून ठेवली होती. आमच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या थोरली म्हणून अक्काला मिळाल्या होत्या. लग्नात, सणाला, शेतातसुद्धा तिच्या हातातून त्या कधी निघाल्या नाहीत. पण आम्ही पैसे घेतले त्यानंतर मात्र तिच्या हातात नुसत्या काचेच्या हिरव्या बांगड्या. एकदा मी विचारलंच. ती म्हणाली, "जड व्हतात गं, काम करताना." मी मनात म्हटलं, बघा, कर्जदार बहीण येणार म्हणून सोनं लपवून ठेवते. नजर लागेल, नाहीतर आणखी मागेल. त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "दोघं नवराबायको एकाच माळेचे मणी." हे म्हणाले, "जाऊ दे ना."

सात हंगाम आम्ही फेडलं. सात दिवाळ्यांत मी नवी साडी घेतली नाही, ह्याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते हे की दर वेळी दाजी नोटा मोजायचे दुकानासमोर, बाजेवर, लोक बघून. आणि मोजून झाल्यावर एक वाक्य ठरलेलं: "घाई नव्हती. पण आणलेत तर राहू द्या." सातव्या वर्षी ह्यांना बोनस बरा मिळाला. उरलेले सगळे एकदम नेले. मी त्या दिवशी मुद्दाम चांगली साडी नेसले होते. पोरांना म्हटलं होतं, आजपासून रविवार आपला. दाजींनी थुंकी लावून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्यातली एक शंभराची काढून ह्यांच्या खिशात कोंबली.

"हे काय दाजी?"

"राहू द्या. सगळं कधी फेडू नाय माणसानं. शंभर बाकी ऱ्हाऊ द्या. खातं पुसलं की नातं पुसतं."

चार लोकांनी माना डोलावल्या. बहुधा तेच चार.

आता ही रीत आमच्याकडे आहे, नाही असं नाही. माझे वडील गावच्या वाण्याचं वर्षाचं खातं मिटवायचे तेव्हा वाणी एक रुपया बाकी ठेवायचा. वडीलही हसून ठेवू द्यायचे. म्हणजे पुन्हा या, दुकान तुमचंच. एक रुपयात दोघांची अदब राहायची आणि कुणी त्याचा पुढं उच्चारही करत नसे. दाजींनी ती रीत घेतली आणि तिचं दावं केलं. शंभर रुपयांचं दावं आणि त्याला बांधलेली आम्ही चार माणसं.

कारण त्यानंतर जिथं जाऊ तिथं दाजी. कुणाचं लग्न असो, बारसं असो, दहाव्याला नदीवर जमलेली माणसं असोत. "हे आमचे साडू. मुकुंदवाडीला घर हाय त्यांचं. आमच्याच पैशावर उभं ऱ्हायलं. अजून बाकी हाय थोडी. म्या म्हणलं राहू द्या, घरचीच माणसं." किती बाकी, ते सांगायचे नाहीत. ऐकणारा आमच्याकडे बघायचा, हे गप उभे राहायचे, आणि दाजी त्यांच्या पाठीवर थाप मारायचे. एकदा तर माझ्या कचेरीतल्या बाईनं मला विचारलं, "अजून फिटलं नाही का हो तुमचं?" मी घरी आले, दार लावलं, आणि माझ्याच घराच्या भिंतीकडे बघत बसले. स्वतःच्या छपराखाली मला पाय पसरून झोप लागत नव्हती. लोकांना हसू येईल, शंभर रुपयांसाठी! येऊ द्या. ज्यांच्या पाठीवर ती थाप पडली नाही त्यांनी खुशाल हसावं.

मी काय काय केलं! मनिऑर्डर केली. ती 'घेणाऱ्याने नाकारली' म्हणून परत आली, वरचं कमिशन बुडालं ते बुडालं, आणि दाजींना नवा किस्सा मिळाला. "मनिऑर्डर पाठवली! जसा काय मी परका!" मग दुकानाची नवी शेड झाली, पूजा होती, तेव्हा आहेराच्या पाकिटात शंभर घातले. निघताना अक्काच्या हातून मला साडी, ह्यांना टॉवेल-टोपी. म्हणजे देणं होतं त्याहून वाढलंच. मी ती साडी एकदाही नेसले नाही. तिच्यात नंतर जुनी गादी बांधून ठेवली.

असे नऊ हंगाम गेले, आणि मग तो हंगाम आला, ज्याची आठवण हा हातगाडीवाला दरसाल फुकट आणून देतो. त्या वर्षी फळ उदंड होतं. परतीचा पाऊस वेळेवर थांबला होता, कोरडी थंडी पडली होती, किल्ल्याच्या डोंगरावरचं गवत पिवळं पडून चमकत होतं. अक्काच्या धाकट्या मुलीची सुपारी ठरली होती. मळ्यातच मांडव, मळ्यातच पंगत. आम्ही अर्थात आदल्या दिवशीच हजर. हे मांडवाची वायरिंग करत होते, मी पाहुण्यांना द्यायच्या सीताफळांच्या पिशव्या भरत होते. ह्यावेळी चांगल्या फळांच्या.

सुपारी फुटली, टिळे लागले, पंगत बसली. दाजी नव्या व्याह्यांच्या शेजारी. हे त्यांच्या पलीकडे. मी भाजीचं पातेलं घेऊन वाढत होते, माझ्यामागं अक्का पोळ्या घेऊन. व्याह्यांनी साधं विचारलं, "हे पाहुणे काय करतात?" झालं. दाजींनी बोटं चाटली, गळा साफ केला. "आमचे साडू. कंपनीत फिटर हायेत. मुकुंदवाडीला घर हाय, आमच्याच पैशावर..."

मला वाटतं, माणसाच्या अंगात नऊ वर्षं कुठंतरी चमचाभर काहीतरी उकळत असतं आणि एक दिवस त्याला उतू जायला पातेलं लागत नाही. मी भाजी खाली ठेवली. कमरेच्या पिशवीतून शंभराची नोट काढली. ती मी तेव्हा कायम जवळ ठेवत असे. वाकून ती दाजींच्या पत्रावळीशेजारी, पाण्याच्या पेल्याखाली ठेवली. म्हटलं, "दाजी, ही तुमची बाकी. शंभर रुपये. पाहुण्यांसमोर देते, म्हणजे त्यांनाही किती ते कळेल."

व्याह्यांच्या तोंडून "शंभर?" असं निघालं. हे मान खाली घालून वरणात बोट फिरवत होते. दाजी हसले. ते हसणं मला पाठ आहे. "सुमे, खुळी का काय तू? उचल ती. जेवणाच्या ताटावर कुणी पैसे ठेवतंय व्हय? नातं पुसायचंय का तुला?" आणि डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी नोट माझ्याकडे सरकवली, ताटातला खडा सरकवावा तशी.

उचलली तर मरेपर्यंत देणेकरी. नाही उचलली तर भाचीची सुपारी, अक्काचं घर, सगळ्याचा विचका. आणि तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढं आला. काचेच्या हिरव्या बांगड्यांचा. अक्कानं पेल्याखालची नोट उचलली.

"द्या इकडं," ती म्हणाली. "माझे हायेत ते."

एवढंच. नोट चौपदरी करून तिनं चोळीत खोचली आणि व्याह्यांना विचारलं, "पोळी वाढू?" विहीणबाई हसल्या, म्हणाल्या, "बरोबर हाय, घरात पैसा बाईकडंच असावा." सगळे हसले. दाजीही हसले. पण मी त्यांच्याकडे बघत होते. दोन पेनांमागची छाती खाली बसली होती, आणि त्यांनी नको असताना चौथ्यांदा कढी ओतून घेतली.

पाहुणे गेल्यावर मी अक्काला शेडच्या मागं गाठलं. ती राखेनं पातेली घासत होती. म्हटलं, "अक्का, तुझे म्हणजे?"

"माझे म्हंजी माझे."

"नीट सांग."

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "सुमे, त्यांच्याकडं तवा तीस हजार कुठले? बागंवर सोसायटीचं कर्ज होतं. आईच्या पाटल्या मोडल्या मी. गुलमंडीच्या सराफाकडं."

"मग मला कामून नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतले असते का तू? आईच्या पाटल्यांचे?" ती पुन्हा पातेल्याकडे वळली. "अन् माझ्या नावानं त्यांनी तरी मोडू दिल्या असत्या का? मी म्हणलं, तुमच्याच हातानं द्या, तुमचंच नाव व्हऊ द्या. मग लगेच तयार झाले."

"आणि आम्ही परत केलेले?"

"नव्या करतो म्हणले होते. पयल्या दोन वर्साचं बोअर घेतलं. मग मोटारसायकल आली. मग ही शेड." ती राख चोळत राहिली. "दर टायमाला तू पैसे आणायची अन् मी पाणी आणायची. मला वाटायचं, तू एक डाव तरी माझ्या हाताकडं बघशील."

बघितलं होतं, अक्का. बघितलं होतं आणि वाईट तेच मनात आणलं होतं. पण हे मी तिला तेव्हा बोलले नाही. पुढंही नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

परतीच्या बसमध्ये मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'जाऊ दे' म्हटलं नाही. म्हणाले, "हरामखोर." मोठ्यानं. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. मी पोटभर हसले, आणि हसता हसता रडले. सोळा वर्षं! सोळा वर्षं ज्या माणसासमोर आम्ही मान खाली घातली, त्याचा एक पैसा आम्ही कधी लागतच नव्हतो. बायकोच्या पाटल्यांवर बसून हा बाप्या दानशूर झाला, त्याच पाटल्यांची मोटारसायकल उडवत गावभर फिरला, आणि वर शंभर रुपये बाकी ठेवून नातं शिकवत होता आम्हाला. आणि मी? मी जिचं खरं देणं लागत होते तिच्या समोरून, तिचेच पैसे, दरसाल दुसऱ्याच्या हातात देत आले. त्यातल्या त्यात शहाणी म्हणून मिरवणारी मी.

दाजी अजून आहेत. दात गेले, तोरा आहे. अजून दसऱ्यानंतर फोन करतात, "पाटी पाठवू का?" मी म्हणते, "किती रुपयांना?" ते म्हणतात, "तू काय सुमे, बदलली." फोन ठेवताना मला फार बरं वाटतं. अशा माणसाची कीव करावी असं हे म्हणतात. मला नाही जमत. कीव करायलाही समोर काही असावं लागतं.

आता त्या हंगामाचं शेवटचं. सुपारीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, फाटकाची कडी वाजली. मी सुट्टीवर होते. दार उघडलं तर अक्का. एकटी. घामानं चेहरा लाल, खांद्याला कापडी पिशवी. ह्या घराच्या वास्तुशांतीलासुद्धा ती आली नव्हती. तेव्हा दाजी एकटे आले होते, म्हणाले होते, मळ्यावर कुणीतरी पाहिजे. त्यानंतर सोळा वर्षांत एकदाही नाही. तिच्या हातात कधी बसभाड्याइतकेही पैसे नसायचे, हे मला त्या दाराशी उभं राहून समजलं.

"अगं, कशी आलीस? कुणाबरोबर?"

"कुणाबरबर कशाला? यष्टीनं आले. मंग सीटरिक्षा. चार ठिकाणी विचारलं." तिनं मूठ उघडली. घामेजलेली तिकिटं आणि उरलेल्या मोडक्या नोटा, चिल्लर. "शंभराची मोडली," ती म्हणाली. आणि लहान मुलीसारखी हसली.

मी पाणी आणलं. तिनं ते घेतलं, पण बसली नाही. पिशवी खाली ठेवली. सहा सीताफळं होती, एकही फुटकं नाही. मग ती घरात हिंडायला लागली. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मागची मोरी, पुन्हा बाहेरची खोली. मी तिच्या मागं मागं. मी म्हटलं, "अक्का, तुझं सगळं मी परत करीन. हप्त्याहप्त्यानं."

"ते तू एकदा दिलेस. ज्यानं घेतलेत त्यानं द्यावेत." तिनं ते माझ्याकडे न बघताच म्हटलं. "मला नुसतं बघू दे माझ्या पाटल्या कशा झाल्यात."

ती मधल्या भिंतीपाशी थांबली. तिच्यावरचा जुना पोपटी रंग पोपडे धरायला लागला होता. आधी तळहात ठेवला, मग बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकून बघितलं. काचेच्या बांगड्या भिंतीवर वाजल्या.

"ही बरी हाय," अक्का म्हणाली. "ही मोडून कुणाला बोअर घेता येत नाय."